पहिल्या पाच मिनिटांचं मत आणि पुढच्या पाऊण तासाच्या हिंट

रेघोटी :

आमच्याकडे कोडिंगच्या नोकरीचा टेक्निकल राउंड (उमेदवाराने समोर कोड लिहून दाखवायची मुलाखत) संपला की पॅनेलवरचे दोघं आपापला फीडबॅक लिहितात आणि तो माझ्याकडे येतो. तो वाचायचा, नीट लावायचा आणि निर्णयाच्या मीटिंगमध्ये समोर ठेवायचा, हे माझं काम. रोज हेच वाचत असल्यामुळे एक गोष्ट डोळ्यांत भरायला लागली आहे आणि ती आता स्वस्थ बसू देत नाही.

फीडबॅकचं पहिलं वाक्य आणि शेवटचा निकाल जवळजवळ नेहमी एकाच सुरात असतात. वर "कॉन्फिडंट, बोलणं स्पष्ट" असं असेल तर खाली "थोड्या मदतीने उत्तरापर्यंत पोचला, घ्यायला हरकत नाही." वर "जरा गोंधळलेली, बोलायला वेळ घेते" असं असेल तर खाली "हिंट द्यावी लागली, स्वतंत्र विचार कमी." हिंट दोघांनाही मिळालेली असते. एकाच्या खाती ती मदत म्हणून जमा होते, दुसरीच्या खाती उणीव म्हणून.

दोन इंटरव्ह्यूंचं रेकॉर्डिंग (उमेदवारांच्या परवानगीने केलेलं) मी लागोपाठ बघितलं. प्रश्न तोच, विचारणारा माणूसही तोच. मीटिंगांच्या सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळांची यादी दिली आहे, कमीत कमी किती खोल्या लागतील ते काढा.

पहिला उमेदवार हसतमुख, आधीच्या प्रोजेक्टबद्दल छान बोलला. प्रश्न ऐकून म्हणाला, "प्रत्येक मीटिंग बाकीच्या प्रत्येक मीटिंगशी ताडून बघतो." म्हणजे लूपमध्ये लूप, यादी मोठी झाली की हळू पडणारी पद्धत. विचारणारा लगेच पुढे झुकला : "चालेल की. पण वेळा आधी क्रमाने लावल्या तर काही सोपं होतंय का?" त्याने सॉर्ट केलं. थोड्या वेळाने : "एक मीटिंग संपते त्याच क्षणी दुसरी सुरू झाली तर?" शेवटी : "आणि यादी रिकामीच आली तर?" तिन्ही वेळा त्याने कोड दुरुस्त केला. फीडबॅक आला : "ऑप्टिमाइज्ड सोल्यूशनपर्यंत पोचला. एज केसेस हाताळल्या." (एज केसेस म्हणजे रिकाम्या यादीसारख्या कडेच्या शक्यता.)

दुसऱ्या उमेदवाराचा आवाज हळू होता. स्वतःची ओळख करून देताना ती अडखळली. तिनेही सुरुवात लूपमध्ये लूपनेच केली. विचारणारा म्हणाला, "हं, लिहा." पुढे बराच वेळ फक्त कीबोर्डचा आवाज. सॉर्ट करायचं तिला स्वतःहून सुचलं, पण अर्धा कोड लिहून झाल्यावर. तो पुसून पुन्हा लिहिण्यात वेळ गेला. रिकाम्या यादीबद्दल तिला कुणी विचारलं नाही आणि तिने तपासलंही नाही. फीडबॅक : "ब्रूट फोर्स ॲप्रोच. एज केसेसचा विचार नाही. स्लो." (ब्रूट फोर्स म्हणजे सगळ्या शक्यता एकेक करून तपासत बसणं.)

या दोन फीडबॅकमधलं एकही वाक्य तसं खोटं नाही. त्याने एज केसेस हाताळल्या हे खरं आणि तिने तपासल्या नाहीत हेही खरं. पण सॉर्टची कल्पना तिची स्वतःची होती आणि त्याला ती देण्यात आली होती, ही एवढी मोठी गोष्ट दोन्ही कागदांवर कुठेच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. पहिल्या मतामुळे गुण देताना हात सैल सुटतो किंवा आखडता राहतो, एवढंच आपण धरून चालतो. टेक्निकल इंटरव्ह्यूत त्याहून जास्त होतं. ज्याच्याबद्दल मत चांगलं झालं त्याला वेळेवर हिंट मिळते, मान डोलावलेली दिसते, चुकीच्या वाटेवरून लवकर मागे आणलं जातं. ज्याच्याबद्दल झालं नाही त्याच्यासमोर शांतता असते. मग खरोखरच एकाचा कोड चालतो आणि दुसरीचा अर्धवट राहतो. त्यामुळे "मी पहिल्या मतावर जात नाही, समोर आलेल्या कामावरून ठरवतो" असं सांगणारा माणूस प्रामाणिक असला तरी ते काम फक्त उमेदवाराचं नसतं, त्यात त्याचा स्वतःचा हात असतो.

हे जुनं दुखणं आहे. १९७४ साली वर्ड, झॅना आणि कूपर यांनी प्रिन्स्टनमध्ये केलेले दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. पहिल्यात दिसलं की गोरे मुलाखतकार काळ्या उमेदवारांपासून जरा लांब बसतात, बोलताना जास्त अडखळतात आणि मुलाखत सुमारे पाव भागाने लवकर गुंडाळतात. खरा मुद्दा दुसऱ्या प्रयोगात आहे. मुलाखतकारांना तसंच वागायला शिकवलं आणि समोर गोरे उमेदवार बसवले. अशी वागणूक मिळालेल्या त्या उमेदवारांची मुलाखतही वाईट झाली, ते जास्त घाबरलेले दिसले. उमेदवारात काहीच फरक नव्हता, फरक टेबलाच्या अलीकडे होता.

पुढे १९९४ साली डोहर्टी, टर्बन आणि कॅलेंडर यांनी नोकरीच्या खऱ्या मुलाखतींच्या टेप ऐकून तपासल्या. अर्ज आणि चाचणीचे गुण बघून ज्याच्याबद्दल आधीच चांगलं मत झालेलं असे, त्याच्याशी मुलाखतकार जास्त आपुलकीने बोलत, कंपनी किती चांगली आहे हे सांगण्यात वेळ घालवत आणि माहिती काढून घेणारे प्रश्न कमी विचारत. म्हणजे माणूस खोलीत यायच्या आधीच मुलाखतीचं वळण ठरलेलं.

इथे पॅनेलवर बसणारे बरेच जण आहेत आणि पॅनेलसमोर बसणारेही. तुमच्याकडे हिंटचा हिशोब कुणी ठेवतं का?

निरंक :

नाही ठेवत. आमच्या फॉर्ममध्ये "प्रॉब्लेम सॉल्व्हिंग", "कोडिंग", "कम्युनिकेशन" आणि खाली "ओव्हरऑल" असे रकाने आहेत. किती मदत केली, केव्हा केली, याला जागाच नाही. आणि खरं सांगायचं तर बरेच जण "ओव्हरऑल" आधी भरतात आणि बाकीचे तीन त्याला जुळतील असे भरतात. शेजारी बसून बघितलंय.

जुना_गडी :

रेघोटी, कळकळ समजली, पण इतकं सरसकट म्हणू नका. पॅनेलवर बसण्यात आयुष्य गेलं माझं. माणूस दोन-चार वाक्यं बोलला की त्याला काम येतंय की तो नुसती नावं घेतोय हे कळतं. "तुझ्या आधीच्या सिस्टीममध्ये सगळ्यात जास्त त्रास कशाने दिला?" एवढं विचारलं की काम केलेला माणूस थेट नेमक्या जागी बोट ठेवतो. न केलेला गोल गोल फिरतो. याला तुम्ही पहिलं मत म्हणून मोडीत काढणार असाल तर अनुभव नावाची गोष्टच उरत नाही.

शिवाय यावर उलट बाजूचं संशोधनही आहे. अंबाडी आणि रोझेंथाल, १९९३. शिक्षकांच्या तीस सेकंदांच्या आवाज बंद केलेल्या क्लिप अनोळखी लोकांना दाखवल्या. त्यांनी दिलेले गुण, सत्र संपल्यावर त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. अर्ध्या मिनिटात माणूस कळतो असाच त्याचा अर्थ ना?

पूर्णविराम :

जुना_गडी, तो प्रयोग चांगलाच आहे, पण तो कशाशी ताडून बघितला ते बघा. विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेले गुण. अनोळखी माणसाला जो शिक्षक उत्साही वाटला तो विद्यार्थ्यांनाही उत्साही वाटला. एक छाप दुसऱ्या छापेशी जुळली. त्या वर्गातली मुलं किती शिकली, हा प्रश्न वेगळा. आपल्याला नोकरीवर घेतलेल्या माणसाचा कोड सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला वाचता येतो का, हे हवं असतं.

आणि तुमचा जो प्रश्न आहे, "सगळ्यात जास्त त्रास कशाने दिला", तो मला फार आवडला. पण तो प्रश्न आहे, छाप नाही. त्याचं उत्तर ऐकून, खोदून, तपासून तुम्ही मत बनवता. उमेदवार दारातून आत येताना किंवा ओळख करून देताना जे मत बनतं, त्याबद्दल रेघोटी बोलताहेत. हे दोन वेगळे ठेवले तर तुमचं आणि त्यांचं फारसं भांडण नाही असं मला वाटतं.

गप्पांवरून माणूस कळतो या भरवशाबद्दल मला सगळ्यात हलवून टाकणारा प्रयोग डाना, डॉज आणि पीटरसन यांचा वाटतो, २०१३ चा. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्याची मुलाखत घ्यायची आणि पुढच्या सत्रात त्याला किती गुण मिळतील याचा अंदाज करायचा. आधीच्या सत्रांचे गुण हातात दिलेले होते. काही मुलाखतींमध्ये समोरच्याला गुपचूप सांगून ठेवलं होतं की उत्तरं एका ठरलेल्या, अर्थहीन नियमाने द्यायची. प्रश्नाचा आणि उत्तराचा काही संबंध नाही. मुलाखत घेणाऱ्यांना ते कळलं नाही. "समोरचा माणूस मला बऱ्यापैकी समजला" असं त्यांना खऱ्या उत्तरांनंतर वाटलं तितकंच या रँडम उत्तरांनंतरही वाटलं. आणि मुलाखत घेऊन केलेले अंदाज, नुसत्या आधीच्या गुणांवरून केलेल्या अंदाजांपेक्षा चुकीचे निघाले. म्हणजे गप्पांनी भर तर पडली नाहीच, हातात होतं त्यावरही पाणी पडलं.

आणि एका एकूण मतावरून बाकीचे गुण भरणं, हे तर मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १९२० मध्येच पकडलं होतं. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य यांचे वेगवेगळे गुण द्यायचे होते. ते सगळे गुण एकमेकांशी इतके जुळत होते की ते वेगवेगळे मोजलेलेच नाहीत हे उघड झालं. एक एकूण मत आणि त्याच्या चार प्रती. निरंक यांनी सांगितलेला रकाने भरण्याचा प्रकार हुबेहूब तोच आहे.

आडवाट :

जुना_गडींना एक प्रश्न. तुम्ही घेतलेली माणसं चांगली निघाली, मान्य. तुम्ही नाकारलेल्यांचं पुढे काय झालं?

जुना_गडी :

ते कसं कळणार?

आडवाट :

तेच. घेतलेल्यांमधले चुकीचे निघाले तर आपल्याला कळतं, नाकारलेल्यांमधले चुकीने गेले ते कधीच कळत नाही. त्यामुळे नजर तयार होते ती एकाच बाजूच्या अनुभवावर.

एकदा मात्र हे बघायची संधी आपोआप मिळाली होती. १९७९ साली ह्यूस्टनच्या टेक्सास विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलला, प्रवेशाची निवड होऊन गेल्यावर, सरकारच्या आदेशाने वर्ग १५० वरून २०० चा करावा लागला. ते ५० विद्यार्थी मुलाखतीनंतर खालच्या क्रमांकावर ठेवलेल्यांमधून घ्यावे लागले, आधी नको म्हटलेल्यांमधून. पुढे दोन्ही गटांची तुलना केली तेव्हा अभ्यासात, प्रत्यक्ष रुग्णांबरोबरच्या कामात, शिक्षण सोडून जाण्यात, कशातच म्हणावा असा फरक सापडला नाही. ज्यांना वर ठेवलं आणि ज्यांना खाली ठेवलं, दोघं सारखेच डॉक्टर झाले. १९८७ मध्ये हे छापून आलं.

तुमच्या अनुभवाचा अनादर करायचा नाही मला. पण ज्याची दुसरी बाजू कधी बघायलाच मिळत नाही, त्यावर एवढा भरवसा ठेवू नये असं मनापासून वाटतं.

शेवाळ :

टेबलाच्या पलीकडून लिहितोय. मी बोलताना अडखळतो, लहानपणापासून. कामात त्याने कधी काही अडलेलं नाही. टीमला सवय झाली आहे, डिझाइनच्या मीटिंगमध्ये मी लिहून आणतो, कोडच्या रिव्ह्यूमध्ये माझ्या कॉमेंट लोक आवर्जून वाचतात. पण इंटरव्ह्यूत पहिला शब्द अडकला की समोरच्याचा चेहरा बदलतो. वाईट हेतूने नाही. त्याला अवघडल्यासारखं होतं. तो मला त्रास नको म्हणून प्रश्न कमी विचारतो. एकदा एकाने तर "राहू द्या, आपण पुढच्या प्रश्नाकडे जाऊ" म्हणून मला येत असलेलं उत्तरच सोडून दिलं. त्या उत्तराला माझ्या नावापुढे शून्य पडलं असणार.

रेघोटी, तुम्ही म्हणता ती शांतता मला पाठ आहे. पण दयाही तितकंच नुकसान करते, हे तुमच्या यादीत घाला. मला थांबून ऐकलं तर पुरतं. आणि प्रश्न लिहून दिला, उत्तर टाइप करायची मुभा दिली, तर कुणाचंच काही बिघडत नाही.

कुणीतरी बघत असताना कोड लिहिणं हा प्रकार मुळातच वेगळा आहे. २०२० मध्ये बहरूझी आणि सहकाऱ्यांनी ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. एकच प्रश्न. काहींनी तो समोर माणूस बसलेला असताना, मोठ्याने बोलत बोर्डवर सोडवायचा. काहींनी खोलीत एकट्याने. बघणारा माणूस असताना कामगिरी निम्म्याहून खाली आली. त्या गटातल्या एकाही बाईला प्रश्न सुटला नाही आणि एकांतात बसलेल्या सगळ्या बायकांना सुटला. संख्या लहान आहे, त्यामुळे मी ते देववाक्य म्हणून सांगत नाही. पण वाचलं तेव्हा घशाशी आलं.

निरंक :

शेवाळ, लिहिलंत हे फार बरं केलंत. "दयेने प्रश्न कमी विचारणं" हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

कंसात :

आमची कंपनी लहान, सगळे इंटरव्ह्यू ऑनलाइन. तिथे पहिली छाप माणसाची पडण्याआधी त्याच्या माइकची पडते. आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय, वाक्य अर्ध्यावर तुटतंय, प्रश्नानंतर दोन सेकंद उशिरा उत्तर येतंय. तो उशीर नेटवर्कचा असतो पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात "याला सुचायला वेळ लागतो" असं जाऊन बसतं. न्यूमन आणि श्वार्ट्झ यांनी २०१८ मध्ये हेच तपासलं. शास्त्रज्ञांची तीच भाषणं, तोच मजकूर, फक्त आवाजाचा दर्जा खराब केला. ऐकणाऱ्यांना भाषण कमी दर्जाचं, संशोधन कमी महत्त्वाचं आणि बोलणारा कमी हुशार वाटला.

त्यामुळे आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. आवाज खराब असेल तर पहिल्याच मिनिटाला थांबायचं, फोनवर जोडून घ्यायचं, नाहीतर सरळ दुसरी वेळ द्यायची. "चालवून घेऊ" म्हणायचं नाही, कारण त्याची किंमत उमेदवार मोजतो. कॅमेरा चालू-बंद ठेवणं ज्याचं त्याच्यावर.

पण एक अडचण मांडते. आमच्याकडे धड पॅनेलही नाही. मी आणि आणखी एक जण. तुम्ही सगळे सांगताय ते करायला वेळ कुठून आणायचा?

पूर्णविराम :

कंसात, वेळ एकदाच लागतो, प्रश्न तयार करताना. एकूण संशोधनाचा कल बघितलात तर या वेळेचा मोबदला सगळ्यात जास्त आहे. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या पद्धतींवरचा सगळा जुना डेटा नव्याने तपासला. १९९८ च्या श्मिट आणि हंटर यांच्या आकड्यांवर लोक इतकी वर्षं विसंबून होते, त्यातले बरेच फुगलेले निघाले. नव्या हिशोबात सगळ्यांना सारखे प्रश्न आणि आधी ठरवलेले गुण अशी बांधीव मुलाखत सगळ्यात वर आहे, पुढच्या कामगिरीशी तिचा संबंध ०.४२ (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). सैल गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९. ०.४२ सुद्धा काही भविष्यवाणी नव्हे, हे खरं. पण माणसं तीच, वेळ तेवढाच, फक्त प्रश्न आणि मोजमाप आधी ठरवलं म्हणून एवढा फरक पडतो.

जुना_गडी :

हे सगळं वाचून मी थोडा मागे येतो. नाकारलेल्यांबद्दलचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण मला भीती वेगळीच आहे. यादीवरून प्रश्न वाचणारा आणि रकाने भरणारा माणूस बसवला की चांगली माणसं पॅनेलवर यायलाच तयार होणार नाहीत. नजर वापरायचीच नाही तर अनुभवी माणूस हवा कशाला?

पूर्णविराम :

ही तक्रार अगदी याच शब्दांत आधी झाली आहे. १९५५ च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन एकवीस वर्षांचे असताना इस्रायली सैन्यात होते. नव्या सैनिकांच्या मुलाखतींची पद्धत सुधारायचं काम त्यांच्याकडे आलं. तोपर्यंत मुलाखत घेणारे गप्पा मारून एक एकूण मत देत आणि त्या मताचा पुढच्या कामगिरीशी जवळजवळ काही संबंध नसे. कानमन यांनी सहा स्वभावगुण ठरवले. प्रत्येकाबद्दल पूर्वायुष्यातल्या प्रत्यक्ष गोष्टी विचारायच्या आणि त्याचा आकडा टाकूनच पुढच्याकडे जायचं. मुलाखत घेणारे भडकले. आम्हाला यंत्रमानव करताय म्हणाले. तेव्हा कानमन यांनी एक सवलत दिली : सहाही आकडे टाकून झाले की डोळे मिटा, हा सैनिक पुढे कसा असेल ते मनात आणा आणि तुमचा स्वतःचा एक आकडा द्या.

पुढे तपासलं तेव्हा सहा आकड्यांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा बरीच चांगली ठरली. आणि डोळे मिटून दिलेला तो आकडाही बेरजेइतकाच चांगला ठरला! तीच माणसं, तीच नजर. आधी माहिती गोळा करायला लावली म्हणून नजरेला खायला काहीतरी मिळालं.

म्हणून तुमची नजर हवीच आहे, जुना_गडी. फक्त तिचा नंबर शेवटी.

जुना_गडी :

हे पटलं. शेवटी माझा आकडा मला देऊ देणार असाल तर रकाने भरायला माझी ना नाही.

आडवाट :

यात एक भर. तो आकडा दोघांनीही एकमेकांशी बोलायच्या आधी लिहून ठेवायचा. आमच्याकडे कॉल संपला की दोघं कॉरिडॉरमध्ये भेटतात, सीनियर म्हणतो "नाही वाटलं मला फारसं" आणि ज्युनियरचा फीडबॅक त्या वाक्याच्या मागून येतो. मग मीटिंगमध्ये "दोघांचंही एकमत" म्हणून नोंद. ते एकमत नसतं, एकाच मताला दोन सह्या असतात. आता निर्णयाच्या मीटिंगमध्ये सगळ्यात नवा माणूस आधी बोलतो, सीनियर शेवटी. सुरुवातीला अवघड गेलं, पण मतं खरोखर वेगळी यायला लागली.

निरंक :

पण कम्युनिकेशन हा कामाचाच भाग आहे ना? जो माणूस नीट बोलत नाही त्याला कमी गुण दिले तर त्यात अन्याय काय?

रेघोटी :

कामाचा भाग आहेच, म्हणून तो मोजायचा. पण वेगळा मोजायचा आणि कामात लागतो तो मोजायचा. कामात काय लागतं? आपण का असं केलं हे समजावून सांगणं, न समजलेलं विचारणं, असहमती नीट मांडणं. यातलं काहीही हसतमुख असण्यात किंवा मुलाखतीची भाषा सफाईने बोलण्यात नाही. मातृभाषा नसलेल्या भाषेत मुलाखत देणारा माणूस शब्द शोधत असतो, विचार नव्हे. मी फीडबॅकमध्ये "कम्युनिकेशन कमकुवत" असं दिसलं की परत पाठवते आणि विचारते, "कोणतं वाक्य समजलं नाही?" बऱ्याचदा उत्तर येतं, "समजलं सगळं, पण..." त्या "पण"च्या पुढे काही नसेल तर तो शेरा काढून टाकते.

शेवाळ यांनी दयेचा मुद्दा मांडला तो माझ्या नोंदीत गेला. विचारलेल्या प्रश्नांची यादी आता मी फीडबॅकमध्ये मागते. कुणाला एखादा प्रश्न विचारलाच नसेल तर तिथे "विचारला नाही" असं लिहायचं, शून्य नाही. आणि इंटरव्ह्यूच्या आमंत्रणातच ओळ घातली : उत्तरं टाइप करायची असतील किंवा प्रश्न लेखी हवा असेल तर सांगा, कारण सांगायची गरज नाही.

आता हिंटबद्दल, कंसात यांच्या वेळेच्या प्रश्नासकट. प्रत्येक प्रश्नाबरोबर चार-पाच हिंट लिहून ठेवायच्या, हलक्याकडून भारीकडे. शब्द ठरलेले. उदाहरणार्थ पहिली फक्त "एक लहान उदाहरण कागदावर करून बघा", दुसरी "या यादीचा क्रम बदलला तर काही उपयोग होईल का", तिसरी त्याहून उघड. दिली की वेळेसकट टिक करायची. एज केसेससाठी सगळ्यांना एकच वाक्य : "आता हा कोड कशाने मोडेल ते तुम्हीच सांगा." रिकाम्या यादीचं नाव आपण घ्यायचं नाही. एका प्रश्नासाठी हा कागद करायला दुपार जाते आणि मग तो वर्षभर वापरता येतो. दोन जणांची कंपनी असेल तर तीन चांगले प्रश्न पुरतात.

कंसात :

हे जमण्यासारखं आहे. पण माणूस अडकलाय की विचार करतोय हे कसं ओळखायचं? मी तिथेच फसते. बोलका माणूस अडकला की सांगतो, मग हिंट मिळते. अबोल माणूस गप्प बसून राहतो आणि मी त्याला विचार करू देतेय असं समजते.

रेघोटी :

ते ओळखायचंच नाही. आपण ओळखायला गेलो की पुन्हा पहिलं मत आत शिरतं. घड्याळ लावायचं. पाच-सहा मिनिटं कोडमध्ये किंवा बोलण्यात काही हललं नाही तर सगळ्यांना एकच वाक्य : "हवं असेल तर मी एक हिंट देते, नको असेल तर आणखी विचार करा." हे होणार आहे असं इंटरव्ह्यूच्या सुरुवातीलाच सांगायचं, म्हणजे हिंट घेण्यात कमीपणा वाटत नाही. कुणी नको म्हणाला तर तेही लिहायचं आणि पुन्हा घड्याळ.

शेवाळ :

असं सुरुवातीला सांगितलं तर माझी अर्धी धडधड तिथेच थांबेल.

जुना_गडी :

कोडिंगसाठी ठीक. डिझाइन राउंडचं, म्हणजे आख्खी सिस्टीम कशी उभारायची ते मांडायला लावतो त्याचं, काय? तिथे हिंटची शिडी चालणार नाही, प्रत्येक जण वेगळ्या वाटेने जातो. आणि सीनियर माणसाला घड्याळ लावून बसवलं तर तो उठून जाईल.

रेघोटी :

डिझाइनला शिडी नाही चालत, बरोबर. तिथे आम्ही वाट मोकळी ठेवतो पण टप्पे ठरवतो : गरजा विचारून घेतल्या का, आकारमानाचा अंदाज केला का, काय कोलमडेल हे सांगितलं का, एका निर्णयाचा तोटा स्वतःहून मांडला का. प्रत्येक टप्प्यापुढे दोनच खुणा, "स्वतःहून" किंवा "विचारल्यावर". सगळ्या टप्प्यांबद्दल सगळ्यांना विचारायचंच, कितीही आवडला किंवा न आवडला तरी. तुमचा "सगळ्यात जास्त त्रास कशाने दिला" हा प्रश्न मी यात पहिला टाकणार आहे, चालेल ना? त्याच्या चांगल्या उत्तरात काय काय असतं ते मात्र तुम्हीच लिहून द्या.

जुना_गडी :

देतो. लक्षणं साधारण अशी : त्रासाची जागा नेमकी सांगतो, तो कसा लक्षात आला ते सांगतो, आधी कोणता चुकीचा अंदाज केला होता तेही सांगतो, आणि दुरुस्तीनंतर काय मोजून बघितलं ते. यातलं शेवटचं फार थोडे जण सांगतात. "विचारल्यावर" सांगितलं तरी मी पूर्ण गुण देईन, कारण बऱ्याच जणांना ते सांगायचं असतं हेच ठाऊक नसतं. सविस्तर लिहून रविवारपर्यंत इथेच टाकतो.